कोरी प्लेट

फणसवाडीतल्या रेग्यांच्या घरात जेवताना जंतूंचं नाव काढायचं नाही, असा आनंदीबाईंचा सक्त नियम होता आणि तो रोज न चुकता मोडला जाई. मोडायचा त्यांचा मुलगाच. रघुवीर पानावर बसला की भात कालवता कालवता बहिणीला विचारायचा, "काय पद्मे, आज कोण जिंकलं?" आनंदीबाई कपाळाला हात लावायच्या. रघुवीरची बायको कालिंदी आमटी वाढताना हसू दाबायची. आणि परळच्या प्रयोगशाळेत दिवसभर कुणाशी चार शब्द न बोलणारी पद्मजा घरी मात्र अशी सुटायची की पानातलं निवून जायचं.

तिला सांगण्यासारखं होतंही पुष्कळ. तिचे साहेब डॉक्टर वागळे यांनी तिला नेमून दिलेलं काम म्हणजे जंतूंची भांडणं लावून द्यायची आणि मग त्यांचा निकाल बघायचा. काचेच्या चपट्या बशीत, जिला तिथे सगळे प्लेट म्हणत, चायना ग्रासची जेली ओतायची, तिच्यावर पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूची एक रेघ ओढायची, शेजारी दुसऱ्या कुठल्या जंतूची, आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवून घरी यायचं. सकाळी उघडून बघावं तर कधी एकाने दुसऱ्याच्या हद्दीत बस्तान बसवलेलं असे, तर कधी दोघांच्या मध्ये एक मोकळी पट्टी राहिलेली असे, जिथे पाऊल टाकायची कुणाचीच छाती झालेली नाही.

"अरे दादा, त्यांना जागा लागते आणि खायला लागतं," ती सांगायची. "दोन्ही फुकट मिळत नाही. कुणी शेजाऱ्याच्या आधी साखर फस्त करतो. कुणी आंबट रस सोडतो, की दुसऱ्याला तिथे राहवू नये. काही तर विष बनवतात, खास आपल्या भाऊबंदांसाठी. रोगाचा जंतू पोटात शिरला ना, की त्याची पहिली गाठ आपल्याशी पडतच नाही. आपल्या आतड्यात आधीपासून ठाण मांडून बसलेले कोट्यवधी साधे जंतू असतात, त्यांच्याशी पडते. त्यांनी दाद दिली नाही तर तो आल्या वाटेने निघून जातो. आपल्याला पत्ताही लागत नाही."

"म्हणजे आपल्या चाळीसारखंच की," रघुवीर म्हणायचा. "खोली रिकामी झाल्याशिवाय नव्या बिऱ्हाडाला शिरकाव नाही. मग माझ्या पोटातल्या मंडळींना माझा नमस्कार सांग."

"रघू, जेव मुकाट्याने," आनंदीबाई म्हणायच्या.

या घरात पद्मजाच्या शिक्षणाचा कुणी हिशोब मांडला नव्हता, पण तिला तो ठाऊक होता. वडील गेले तेव्हा रघुवीर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि लालबागच्या एका गिरणीच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. पद्मजाने शास्त्र शिकायचं म्हटलं तेव्हा नात्यातल्या यच्चयावत माणसांनी नाकं मुरडली. मुलीच्या जातीने जंतू चिवडायचे म्हणजे काय, पुढे तिच्या हातचं पाणी कोण पिणार, वगैरे. रघुवीरने सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जाऊन तिचं नाव घातलं. लग्नकार्यात कुणी विचारलंच, तर तो छाती फुगवून सांगे की आमची पद्मा परळला जंतूंचं राज्य चालवते. पद्मजा लाजेने अर्धमेली व्हायची. पण मनातून तिला ते आवडायचं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

छप्पन सालच्या जानेवारीत रेडिओवरून जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या ताब्यात राहील. गिरगाव एकाच संध्याकाळी पेटून उठलं. दुकानांच्या फळ्या पडल्या, ट्रामचे रूळ दगडांनी भरून गेले, आणि गल्ल्यागल्ल्यांतून माणसं रस्त्यावर आली. रघुवीर काही पुढारी नव्हता. जन्मात मोठ्याने ओरडला असेल तर तो गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत. पण त्या दिवशी तोही सदऱ्याच्या बाह्या सारून खाली उतरला. कालिंदीने कठड्यावरून हाक मारली तेव्हा त्याने वर बघून हात केला, आलोच म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी गोळीबार झाला आणि एक गोळी त्याच्या मांडीत शिरली.

"मी काही पराक्रम केला नाही गं," इस्पितळात तो पद्मजाला म्हणाला. "सगळे पळत होते. मी मागे वळून बघत होतो, शेजारचे अण्णा येतायत की नाही ते."

डॉक्टरांनी गोळी काढली, हाड वाचलं होतं. मात्र जखम बिघडली. तिला पू धरला, ताप चढला, पेनिसिलिनची इंजेक्शनं टोचून टोचून रघुवीरच्या दंडाची चाळण झाली, पण तापाने त्यांना भीक घातली नाही. पाय कापावा लागेल की काय अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा रेग्यांचे घरचे डॉक्टर धुरंधर म्हणाले की नव्या पिवळ्या कॅप्सूल निघाल्या आहेत, त्या एकाच वेळी नाना तऱ्हेच्या जंतूंना मारतात, मिळाल्या तर बघा. त्या दिवसांत त्या सहजासहजी मिळत नसत. पद्मजा डॉक्टर वागळ्यांच्या मागे लागली, त्यांनी कुणाकुणाला शब्द टाकला, आणि कॅप्सूलची बाटली पद्मजाच्या पर्समधून इस्पितळात पोचली. तिसऱ्या चौथ्या दिवशी ताप उतरला. पू आटला. जखमेच्या कडा लाल व्हायला लागल्या, ताज्या मांसाच्या. आनंदीबाईंनी लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

रघुवीर घरी आला तेव्हा चाळ लोटली. कुणी हार आणले, कुणी नारळ. पद्मजाने मात्र सगळ्यांना दारातच थोपवलं. जखम ओली आहे, गर्दी नको. तिने घराची प्रयोगशाळा करून टाकली. पाणी उकळायचं, भांडी उकळायची, त्याचे टॉवेल वेगळे, चादरी वेगळ्या. गजराचं घड्याळ लावून कॅप्सूल ती स्वतःच्या हाताने द्यायची. रघुवीर जीभ बाहेर काढून दाखवायचा. जिभेवर काळसर थर आला होता, तोंड आतून सोललं होतं, आमटीची धग सोसत नव्हती.

"पद्मे, पुरे झालं आता. पाय सुधारलाय की."

"अर्धवट सोडल्या तर उरलेले जंतू शिरजोर होतात, दादा. पुऱ्या घ्यायच्या."

"तुझंच राज्य," तो म्हणायचा आणि तोंड उघडायचा.

मग जुलाब सुरू झाले. आधी साधे, मग पाण्यासारखे, मग हिरवट. दिवसाकाठी किती वेळा ते मोजणं कालिंदीने सोडून दिलं. ताप परत आला. डॉक्टर धुरंधरांनी पोट चाचपलं, डोळ्यांखाली बघितलं आणि म्हणाले की हे जखमेचं दिसत नाही. इस्पितळातून हगवण घेऊन आला असणार, किंवा टायफॉइड. "तुमच्याकडेच तपासून आणा ना," ते पद्मजाला म्हणाले. "तुमच्याइतकं चोख कोण करणार?"

ती नमुना घेऊन ट्रामने परळला गेली. हातातली बाटली तिने रुमालात गुंडाळली होती आणि सबंध रस्ताभर ती मांडीवर घट्ट धरून बसली होती. प्रयोगशाळेत तिने रीतीप्रमाणे सगळं केलं. हगवणीच्या संशयाला एक ठरलेली रीत होती. नमुन्याचा एक थेंब ओलाच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, अमीबा आहे का ते पाहायला. अमीबा नव्हता. मग नमुना गुलाबी प्लेटवर फासायचा. या प्लेटच्या जेलीत पित्ताचे क्षार आणि एक जांभळा रंग घातलेला असे, त्यामुळे आतड्यातले हगवण-टायफॉइडच्या कुळातले जंतूच तेवढे तिच्यावर वाढत, बाकीच्यांना तिथे मज्जाव. साधे आतड्यातले जंतू लाल-गुलाबी ठिपके होऊन उगवत आणि रोगाचे जंतू बिनरंगी. गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीत बिनरंगी ठिपका शोधायचा, एवढंच ते काम. तिने ते हजारदा केलं होतं.

आणखी एक गोष्ट करता आली असती. नमुना काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून, सरळ बघणं. पाच मिनिटांचं काम होतं ते. पण असल्या नमुन्याची पट्टी कुणी रंगवत नसे. त्यात नाना जातींचे जंतू असतात, त्यातून काय कळणार, असं नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जाई. पद्मजाला तसंच सांगितलं होतं आणि तिने पुढे दोघाचौघांना तसंच सांगितलं होतं.

सकाळी तिने कपाट उघडलं. प्लेट उजेडात धरली, तिरकी केली, भिंगाखाली घेतली. बिनरंगी ठिपका नव्हता. एकही नव्हता. हगवण नाही, टायफॉइड नाही. प्लेट या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी होती.

तिला रडू फुटलं, आनंदाने. साहेब येईपर्यंतही ती थांबली नाही, शेजारच्या टेबलावरच्या शैलाला सांगून सुटली आणि घरी आली. जिना चढतानाच ओरडली, "काही नाही! प्लेट कोरी आहे!" आनंदीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. कालिंदी पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. रघुवीर उशीवर मान वळवून हसला. त्याचे गाल आत गेले होते आणि हसताना ओठ चिरत होते.

"म्हणजे मी आतून अगदी निर्मळ म्हणायचा."

"अगदी निर्मळ," ती म्हणाली.

डॉक्टर धुरंधरांनाही हायसं वाटलं. हगवण नाही म्हणजे मग ताप जखमेचाच, आत कुठेतरी पू दबला असणार, असं त्यांनी अनुमान काढलं. कॅप्सूल वाढवा म्हणाले. पद्मजाने गजर आधीच्यापेक्षा लवकरचे लावले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिने भावाच्या सोललेल्या तोंडात कॅप्सूल ठेवल्या, वर चमच्याने उकळलेलं पाणी घातलं, आणि ती घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या गळ्यावर दोन बोटं धरून बसली. ओकून पडली तर दुसरी दिली.

तो सुकत चालला होता. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. डॉक्टरांनी आणखी एकदा अमीबा बघायला सांगितला, तेव्हा ती नवा नमुना घेऊन पुन्हा प्रयोगशाळेत गेली. शैलाने तिच्यासाठी तिच्या प्रयोगाची तयारी करून ठेवली होती. पटकीच्या जंतूशी झुंजवायला आतड्यातले साधे जंतू लागत, आणि ते मिळवायची सोय सोपी होती. कुणाही धडधाकट माणसाचा नमुना गुलाबी प्लेटवर फासला की झालं. तशी एक प्लेट तिच्या टेबलावर होती. पद्मजाने सवयीने झाकण उचललं.

प्लेट गुलाबी ठिपक्यांनी गच्च भरलेली होती. जागा म्हणून नव्हती.

ती झाकण हातात धरून उभी राहिली. धडधाकट माणसाची प्लेट अशी असते. आजाऱ्याचीही अशीच असते, फक्त तिच्यात बिनरंगी ठिपके मिसळलेले असतात. हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती. कुणाचीच प्लेट कोरी नसते. कोरी प्लेट म्हणजे पोटात रोगाचा जंतू नाही एवढंच नाही, पोटात आपलं माणूसही कुणी शिल्लक नाही. ती बिनरंगी ठिपका शोधत होती, तो नाही म्हणून नाचली, आणि गुलाबी एकसुद्धा नाही हे तिने बघितलंच नाही. जंतूंची भांडणं लावणं हा जिचा धंदा, घरच्या पानावर जी रोज हेच सांगत होती, तिने बघितलं नाही.

तिने नमुना पट्टीवर पसरला. ज्योतीवरून फिरवला. रंग ओतला, धुतला, पुन्हा ओतला, पुन्हा धुतला. पाच मिनिटं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा समोर दुसरं काही नव्हतंच. जांभळे गोल जंतू, झुबक्याझुबक्यांनी, द्राक्षांचे घड लगडावेत तसे, जिकडे बघावं तिकडे. पट्टी सरकवली, तिथेही तेच. स्टॅफिलोकोकस. माणसाच्या नाकात, कातडीवर बसलेला, एरवी आतड्यात ज्याला कुणी उभं करत नाही असा जंतू. गुलाबी प्लेटवर तो वाढत नाही. आणि इस्पितळातल्या खाटांवरून फिरता फिरता तो त्या पिवळ्या कॅप्सूल पचवायला शिकला होता. कॅप्सूलनी त्याच्या वाटेतले सगळे मारले होते. त्याला आता ना जागेची वाण होती, ना खाण्याची, ना कुणाच्या विषाची भीती. आतड्याचं अस्तर तो सोलून काढत होता.

डॉक्टर वागळ्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि चष्मा काढला. "कॅप्सूल ताबडतोब बंद करा," ते म्हणाले. "पेशंटला आत्ताच्या आत्ता भरती करा. याच्यावर चालेल असं एक नवं औषध आहे, मी माणूस पाठवून मिळवतो." मग चष्मा पुसत म्हणाले, "कोऱ्या प्लेटचं मला का नाही दाखवलंत?"

तिच्याजवळ उत्तर होतं. मला आनंद झाला होता, साहेब. ते तिला बोलता आलं नाही.

टॅक्सीतून उतरून ती जिना चढली तेव्हा कालिंदी घड्याळाकडे बघून बाटली उघडत होती. पद्मजाने ती तिच्या हातातून काढून घेतली. कालिंदीने काय झालं म्हणून विचारलं. बदललं औषध, एवढंच ती म्हणाली.

इस्पितळात सलाइन लावलं. शीर सापडत नव्हती, ती घोट्यापाशी कापून शोधावी लागली. नवं औषध आलं, दिलं गेलं. रघुवीरचे हातपाय गार पडत होते आणि नखं निळी दिसत होती, पण शुद्ध होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पद्मजाला खुणेने जवळ बोलावलं. त्याचा आवाज घोगरा, खोल गेला होता.

"सापडलं काही?"

"सापडलं, दादा."

"तू शोधलंस?"

तिला सांगायचं होतं. पायावर डोकं ठेवून सगळं सांगायचं होतं, की मला आधीच दिसलं होतं आणि मी बघितलं नाही, आणि तू नको म्हणत असताना मी तुझ्या तोंडात कोंबत राहिले. तिने फक्त होकाराची मान हलवली.

"वाटलंच मला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखरची खुशी होती. कालिंदीकडे बघून तो म्हणाला, "बघितलंस? आमच्या पद्मेनेच शोधलं शेवटी." दुपारी तो गेला.

अंत्ययात्रेला सबंध गिरगाव लोटलं. चाळीतल्या माणसांनी तिरडी फुलांनी झाकून टाकली. ठाकुरद्वाराच्या नाक्यावर घोषणा उठल्या, तेव्हा आनंदीबाई गॅलरीतून ताठ उभ्या राहून बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान खाली नव्हती. माझा मुलगा मुंबईसाठी गेला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजाला आधार येई. पद्मजा खोलीच्या कोपऱ्यात बसून ऐकत असे. जखम भरून आली होती. शेवटची पट्टी तिनेच बदलली होती आणि खाली कोरडी, गुलाबी कातडी धरलेली तिनेच पाहिली होती.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. एका दुपारी आनंदीबाईंचा डोळा लागला होता आणि कालिंदी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "वन्सं, त्या प्लेटीत काही नव्हतं ना?"

"नव्हतं, वहिनी."

"मग हे कशाने गेले?"

पद्मजा तिच्यासमोर खाली बसली. खोटं बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती आणि आता शिकायचं तिच्या जिवावर आलं. तिने सगळं सांगितलं. पोटात काय असायला हवं होतं, ते कॅप्सूलनी कसं मारलं, मोकळ्या घरात कोण शिरलं. कोरी प्लेट बघून थांबायला हवं होतं, ती धावत घरी आली. त्यानंतरच्या कॅप्सूल द्यायला नको होत्या. पट्टी रंगवायला पाच मिनिटं पुरली असती. कालिंदीची बोटं सुपात तशीच थांबली होती.

"त्या दिवशी कळलं असतं तर?"

"तेव्हा त्याच्या अंगात पाणी होतं," पद्मजा म्हणाली. "वाचला असता. बहुतेक वाचला असता."

सुपातला एक खडा कालिंदीने उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली.

तेवढ्यात दार वाजलं. गल्लीतल्या मंडळाचे तिघे जण आले होते, सीतारामपंत आणि दोन तरुण. रविवारी चाळीच्या पटांगणात शोकसभा ठरली होती आणि फलक रंगवायला द्यायचा होता. आनंदीबाई उठून बसल्या, पदर सावरला.

"गोळीबारात जखमी होऊन हुतात्मा झाले, असं लिहितोय," सीतारामपंत म्हणाले. "बरोबर आहे ना, आनंदीबाई? डॉक्टरांनी काय कारण दिलं असेल तर तेही सांगा. चूक नको राहायला."

"मला अडाणीला काय विचारता," आनंदीबाई म्हणाल्या. "पद्माला विचारा. तिला सगळं ठाऊक आहे. भावाने शिकवलीय तिला."

तिघेही पद्मजाकडे बघायला लागले. आनंदीबाईही बघत होत्या, अभिमानाने, थोड्या घाईने, जणू लेक आता ते मोठ्या आवाजात सांगेल आणि त्यांना ते पुन्हा एकदा ऐकायला मिळेल. पद्मजाने तोंड उघडलं. हो म्हणावं तर ते खोटं होतं, आणि खरं सांगावं तर समोर ही म्हातारी बसलेली. तिने पदर तोंडाला लावला. सीतारामपंतांना वाटलं, बिचारीला हुंदका आला.

"तसंच लिहा," मागून कालिंदी म्हणाली. ती उंबऱ्यात उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन, सूप कडेला धरून. "गोळीबारात. दुसरं काही कारण नाही."

"बरं, बरं," सीतारामपंत म्हणाले. त्यांनी नमस्कार केला आणि तिघे पायऱ्या उतरून गेले. आनंदीबाईंनी डोळे पुसले. लोक विसरले नाहीत हो माझ्या रघूला, असं स्वतःशी म्हणत त्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

पद्मजा उठून कालिंदीपाशी गेली. "वहिनी," तिने हाक मारली. उपकार मानावेत की क्षमा मागावी, ते तिचं ठरत नव्हतं. तिने हात पुढे केला, तो कालिंदीने बाजूला केला. जोर लावून नाही, हळूच.

"आईंसाठी म्हटलं मी ते," कालिंदी खालच्या आवाजात म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला कळतं. कळून काय करू? मला वेळ लागेल, वन्सं. तोवर मला काही समजावून सांगू नका."

पद्मजाने मान हलवली आणि तिथून बाजूला झाली. आयुष्यभर तिला समजावून सांगणं हे एकच चांगलं जमत आलं होतं, आणि ते ऐकायला आता या घरात कुणी उरलं नव्हतं.